‘करमत नाही’ला गुण किती?

‘मराठीत डिप्रेशनला नेमका शब्दच नाही’ हे वाक्य अलीकडे इतक्या ठिकाणी ऐकू येते की त्याला सुभाषिताची कळा आली आहे. मानसिक आरोग्यावरची व्याख्याने, दिवाळी अंकांतले लेख, महाविद्यालयांतले जाणीवजागृतीचे कार्यक्रम, कुठेही जा. वक्ता पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य टाकतो आणि सभागृह माना डोलावते. पुढचे अनुमान वक्त्याने काढले नाही तरी श्रोते काढतात: शब्द नाही म्हणून कळत नाही, कळत नाही म्हणून सांगता येत नाही, सांगता येत नाही म्हणून उपचार होत नाहीत. म्हणजे दोष भाषेचा. याच्या दुसऱ्या टोकाला एक स्वाभिमानी मंडळी बसली आहे. तिचे म्हणणे असे की आपल्याकडे शब्द नाही कारण आपल्याकडे तो आजारच नव्हता. एकत्र कुटुंब, ओसरी, भजन आणि शेजार यांनी माणसाला कधी एकटे पडूच दिले नाही. (या ओसरीवर सुनेला बसायला जागा होती का, हे ही मंडळी सांगत नाही.) दोन्ही पक्ष एकमेकांशी कडाकडा भांडतात, पण दोघांचा पाया एकच आहे. शब्दकोशात नाम सापडले तर अनुभव आहे, सापडले नाही तर नाही. माझे भांडण या पायाशी आहे.

मुळात शब्द म्हणजे नाम, हे ठरवले कोणी? आधुनिक मनोविकारशास्त्राची सगळी वर्गवारी नामांवर उभी आहे. अवस्थेला नाव द्यायचे आणि मग ते माणसात आहे की नाही हे तपासायचे. शास्त्राला हे सोयीचे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मराठी माणूस मनाची अवस्था सांगतो ती बहुधा क्रियापदातून, आणि त्या क्रियापदाचा कर्ता तो स्वतः नसतो. मला राग येतो. मला भीती वाटते. मला हुरहुर लागते. माझे कशात मन लागत नाही. यांत राग येतो, भीती वाटते, हुरहुर लागते. आणि ज्याला हे सगळे होते तो ‘ला’ प्रत्यय लावून बाजूला उभा असतो. दक्षिण आशियाई भाषांच्या या लकबीवर भाषाशास्त्रज्ञांनी पुष्कळ काम केले आहे. मणींद्र वर्मा आणि के. पी. मोहनन यांनी संपादित केलेला एक अख्खा ग्रंथ १९९० साली केवळ या ‘अनुभवणाऱ्या कर्त्या’वर निघाला.

‘करमणे’ तर याच्याही पुढचे. ‘मला करमत नाही’ या वाक्यात कर्ता शोधून दाखवावा. सापडत नाही, कारण ते ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ यांच्या पंगतीतले क्रियापद आहे. आकाशात काही होते, पोटात काही होते, तसे मनात काही होत नाही. एकटेपणा, कंटाळा, ओढ, कशातच गोडी न उरणे हे सगळे त्या दोन शब्दांत आहे, आणि नेमके कोणते ते ऐकणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचे. दुसरी रचना ‘-वेसे वाटणे’ ही. उठावेसे वाटत नाही, जेवावेसे वाटत नाही, कुणाशी बोलावेसे वाटत नाही. नैराश्याच्या आजारात इच्छाच आटते असे डॉक्टर सांगतात. ती आटलेली इच्छा सांगायला मराठीने क्रियापदाचे एक रूपच राखून ठेवले आहे. मोल्सवर्थच्या कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘जीव’ या नोंदीखालची वाक्प्रचारांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याने भाषेच्या दारिद्र्याची गोष्ट करू नये. जीव रमतो, जडतो, उडतो, घाबरतो, कासावीस होतो, टांगणीला लागतो, नकोसा होतो.

शब्द नाहीत असे नाही. शब्द आहेत, पण ऐकणाऱ्याच्या हातातल्या कागदावर त्यांना रकाना नाही.

हा कागद काय असतो ते सांगते. दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे प्रथम वर्षाच्या मुलांकडून एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. कोणी पाठवली, भाषांतर कोणी केले, हे इथे महत्त्वाचे नाही. असे कागद सगळीकडेच फिरत असतात. त्यात ‘आशाहीन अथवा अवसादग्रस्त वाटणे’ अशी एक ओळ होती आणि पुढे चार चौकटी. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, ‘मॅडम, अवसाद म्हणजे?’ मी जमेल तसे सांगितले. तिने थोडा विचार करून ‘मुळीच नाही’वर खूण केली. नंतर जिन्यात भेटली तेव्हा सहज विचारले, वसतिगृहात रुळलीस का? म्हणाली, ‘नाही मॅडम. दिवाळीपासून करमतच नाही. वर्गात असते पण इथे नसतेच.’ कागदावर ही मुलगी ठणठणीत होती.

हा कागद ज्या कुळातला आहे ते कूळ चांगले आहे, हेही सांगायला हवे. २००१ साली क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स यांनी नऊ प्रश्नांचे एक साधन प्रसिद्ध केले. पीएचक्यू-९ या नावाने ते जगभर वापरले जाते. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला शून्य ते तीन गुण, एकूण २७, आणि १० किंवा अधिक गुण पडले तर पुढे तपासावे. गर्दीच्या दवाखान्यात पाच मिनिटांत होणारे हे काम आहे आणि त्याने अनेकांचे जीव वाचले असतील. माझी तक्रार या साधनाविषयी नाही. ते मराठीत आणताना मराठीला कोणी काही विचारत नाही, याविषयी आहे.

उदाहरण घ्या. या नवांतला एक प्रश्न स्वतःला कमी लेखण्याचा आहे; आपण अपयशी आहोत, आपल्या माणसांना तोंडघशी पाडले, अशी भावना. इंग्रजी शब्दाला मराठी शब्द ठेवत गेलात तर हातात येते ‘स्वतःबद्दल वाईट वाटणे’. आता मराठीत एखाद्याबद्दल वाईट वाटणे म्हणजे काय? त्याची दया येणे. शेजाऱ्याचे दुकान जळले, त्याच्याबद्दल वाईट वाटले. तेव्हा स्वतःबद्दल वाईट वाटणे म्हणजे स्वतःची कीव येणे. विचारायचे होते अपराधीपणाचे, विचारले गेले आत्मदयेचे. म्हणजे जवळजवळ उलटे! ज्या बाईला खरोखर ते दुखणे आहे ती काय म्हणते? ‘मी कुणाच्या कामाची नाही.’ ‘माझ्यामुळे सगळ्यांना ताप.’ ‘तोंड दाखवावंसं वाटत नाही.’ आपली कीव येण्याइतकीसुद्धा किंमत ती स्वतःला देत नसते. ती त्या ओळीवर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल.

मरणाविषयीचा प्रश्न तर दोन्ही बाजूंनी फसतो. मराठीत मरण दिवसातून दहादा तोंडात येते. बस चुकली की ‘मेले!’, नातू ऐकत नाही की ‘यापेक्षा मेलेलं बरं’. ही बोलायची पद्धत आहे, तिच्यात धोका नसतो. उलट ज्याचे खरेच बिनसले आहे तो मरण हा शब्दच टाळतो. ‘आता पुरे झालं’ म्हणतो. ‘सुटका व्हावी’ म्हणतो. ‘कंटाळा आलाय’ म्हणतो. हा ‘कंटाळा’ फार फसवा शब्द आहे. रविवारच्या दुपारी येतो तोही कंटाळा, आणि ‘मला आता सगळ्याचाच कंटाळा आलाय’ यातलाही कंटाळाच. दोन्हींत फरक फक्त ‘सगळ्याचाच’ या शब्दाचा आणि आवाजाचा. पहिला विनोदाने घ्यावा, दुसरा ऐकून माणसाला एकटे सोडू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. यांपैकी कितीजणांनी आधी कुणाला तरी ‘कंटाळा आलाय’ म्हणून सांगितले असेल आणि ‘मग पिक्चरला जा’ असे उत्तर मिळाले असेल?

प्रश्नावलीपेक्षाही एक अद्ययावत प्रकार आहे. माणसाला काही विचारायचेच नाही, त्याने लिहिलेले शब्द मोजायचे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी शब्द मोजणारी संगणक-प्रणाली घडवली आणि त्यातून काही चटकदार निष्कर्ष पुढे आले. २००१ साली स्टर्मन आणि पेनेबेकर यांनी आत्महत्या केलेल्या नऊ आणि न केलेल्या नऊ कवींच्या कविता तपासल्या. पहिल्या गटात प्रथमपुरुषी एकवचन अधिक सापडले. २००४ साली खिन्न विद्यार्थ्यांच्या निबंधांतही ‘मी’ अधिक आढळला. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली जे विश्लेषण झाले त्यात हा संबंध टिकला, पण फार बारीक: सहसंबंध ०.१३. शास्त्रज्ञांनी हे प्रांजळपणे मांडले आहे. प्रांजळपणा गळतो तो पुढे, वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर मन तपासून देणाऱ्यांच्या जाहिरातींत. तिथे ‘मी’ अधिक तर दुःख अधिक, असा सिद्धान्त होतो.

मराठीत हे मोजून पाहा. ‘रात्रभर झोपले नाही, सकाळी उठले, पण काही करावंसं वाटेना.’ या वाक्यात ‘मी’ किती? शून्य. पुरुष आणि लिंग क्रियापदाच्या शेपटात बसलेले असतात, सर्वनामाची गरजच नाही. मराठीत ‘मी’ उघडपणे येतो तो बहुतेकदा ठासून सांगायला: ‘मी सांगतो ना!’, ‘मी होतो म्हणून निभावलं!’ तेव्हा मराठीत ‘मी’ मोजून खिन्नता काढू गेलात तर मोडून पडलेली मुलगी निरोगी निघेल आणि आमचे काही साहित्य संमेलनाध्यक्ष अतिदक्षता विभागात दाखल करावे लागतील.

आता स्वाभिमानी पक्षाला हर्ष होण्याआधी त्याच्याकडे वळते. भाषा वेगळी म्हणून मनच वेगळे, आपल्या भाषेत दुःख बाहेरून येते म्हणून आपण दुःखात गुंतत नाही, असली विधाने आता ऐकू येऊ लागली आहेत. त्यांना बेंजामिन व्होर्फचे नाव चिकटवले की विद्वत्ताही होते. या वाटेने भलेभले घसरले आहेत. एस्किमोंच्या बर्फाच्या असंख्य शब्दांची कथा लॉरा मार्टिन यांनी १९८६ साली उलगडून तिचे पितळ उघडे पाडले, तरी आपल्या व्यासपीठांवर तो बर्फ अजून वितळलेला नाही. २०१३ साली अर्थतज्ज्ञ कीथ चेन यांनी, ज्या भाषांत भविष्यकाळ वेगळा दाखवावाच लागतो त्यांचे भाषक बचत कमी करतात, असे दाखवले. २०१५ साली चेन स्वतःच सहभागी असलेल्या फेरतपासणीत, भाषांची परस्पर नाती धरल्यावर तो संबंध पातळ पडला. (मराठी यात कुठे बसेल? आपण ‘उद्या येईन’ म्हणतो, ‘उद्या येतो’ म्हणतो आणि येतच नाही.) व्याकरणावरून मन वाचता येत नाही. ‘मला राग आला’ म्हणणारी मराठी ‘मी रागावलो’ही म्हणू देते; ‘मला भीती वाटली’ आणि ‘मी घाबरलो’ दोन्ही तिच्यात आहेत. दुःख मराठीत निराळे होते असे मला म्हणायचे नाही. ते निराळ्या रीतीने सांगितले जाते, आणि ऐकायचे असेल तर ती रीत ठाऊक असावी लागते, एवढेच.

‘आपली माणसे मनाचे सांगतच नाहीत, डोके दुखते, छातीत भरून येते असेच सांगतात’ हेही असेच एक ऐकीव सत्य. जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या पाहणीवर आधारलेला सायमन आणि सहकाऱ्यांचा निबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. नैराश्याच्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के डॉक्टरांकडे गेले ते केवळ शारीरिक तक्रारी घेऊन. यात बंगळूर होते तसे पॅरिस, बर्लिन, मँचेस्टर आणि सिॲटलही होते. पण थेट विचारल्यावरही मनाचे काही नाही म्हणणारे निघाले फक्त ११ टक्के. बाकीच्यांनी सांगितले. म्हणजे अंगाचे आधी सांगणे हा काही पौर्वात्य स्वभाव नव्हे. आणि मनाचे सांगत नाहीत ते बहुधा कोणी विचारलेले नसते म्हणून.

कसे विचारावे याचे धडे कुठे दूर शोधायलाही नकोत. गोव्याचे विक्रम पटेल १९९०च्या दशकात झिंबाब्वेत काम करत होते. तिथे त्यांनी तयार प्रश्नावली शोना भाषेत उतरवून घेण्याऐवजी रुग्ण आणि गावचे वैदू काय शब्द वापरतात ते आधी गोळा केले. ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, हा त्यांतला कळीचा शब्द. त्यातून १४ प्रश्नांची शोना प्रश्नावली १९९७ साली पुढे आली, आणि डिक्सन चिबांडा यांनी आज्यांना बाकावर बसवून जे समुपदेशन सुरू केले त्यात ती वापरली गेली. २०१६ साली त्या प्रयोगाची यशस्वी चाचणी प्रसिद्ध झाली. गोव्यात पटेल यांच्या सहकाऱ्यांनी ‘संगथ’च्या कामात रुग्णांशी बोलताना ‘डिप्रेशन’ बाजूला ठेवून ‘टेन्शन’ हा लोकांचा शब्द उचलला. शुद्धलेखनवाल्यांनी नाक मुरडावे असा शब्द. पण मराठीत तो आला आणि आल्या आल्या मराठीच्या व्याकरणाला शरण गेला. टेन्शन येते, म्हणजे माझा इलाज नाही. टेन्शन घेते, म्हणजे तिचा स्वभावच तसा. टेन्शन देतो, म्हणजे नवरा. तीन क्रियापदांत जबाबदारीची सगळी वाटणी झाली! एखाद्या समुपदेशकाने रुग्ण यांतले कोणते क्रियापद वापरतो एवढे जरी टिपले, तरी ‘अवसाद’च्या चार चौकटींपेक्षा त्याच्या हाती अधिक लागेल.

अमरावती जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले: नैराश्याच्या रुग्णांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातल्याच कार्यकर्त्यांनी गावच्या बोलीत दारोदार बोलून हे घडवले. मराठीत शब्द नसते तर हे कसे झाले असते?

शहरी, इंग्रजी माध्यमातल्या मुलांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. ती सहज ‘आय ॲम फीलिंग लो’ म्हणतात, आणि पालक समजतात की मुले मोकळी झाली. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ साली तुर्की-इंग्रजी द्विभाषकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवून त्वचेची विद्युत प्रतिक्रिया मोजली. लहानपणी ऐकलेली रागावणारी वाक्ये मातृभाषेत अधिक खोल लागली. परक्या भाषेत बोलणे सोपे जाते ते ती कमी लागते म्हणून. हा आडोसा कधी गरजेचाही असतो. पण आडोशामागून बोललेले म्हणजे सगळे बोलून झाले असे नव्हे.

मग मराठीत अडथळा कुठे आहे? पहिला परिभाषेत. अवसाद, विषण्णता, औदासीन्य, खिन्नता, नैराश्य असे पाच-पाच प्रतिशब्द पाठ्यपुस्तकांतून फिरतात. त्यांतला एकही आजारी माणूस स्वतःविषयी वापरत नाही. ‘नैराश्य’ त्यातल्या त्यात रुळले, पण बोलण्यात त्याचा अर्थ अपेक्षाभंग असा आहे: निकाल लागला, नैराश्य आले. दुसरा अडथळा बातम्यांचा. ‘नैराश्यातून आत्महत्या’ हा मथळा छापला की पुढे काही विचारायचे काम उरत नाही. कर्ज, छळ, जात, परीक्षा, सगळे त्या एका शब्दाखाली झाकले जाते.

आणि तिसरा अडथळा मराठीचे विभाग. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि तेव्हापासून परिसंवादांची रेलचेल आहे. गाथासप्तशतीवर निबंध वाचले गेले, ते वाचावेतच. पण जिवंत माणसे आपले दुखणे कोणत्या क्रियापदात सांगतात याची जिल्हावार नोंद करावी, हे कोणाच्या विषयपत्रिकेवर येत नाही. पुण्यातल्या संगणक-अभियंत्यांच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटाने २०२१ साली मराठीतला भावभावनांचा एक संग्रह तयार केला: सुमारे १६,००० ट्वीट, होकारार्थी, नकारार्थी, तटस्थ अशी छाननी केलेली. त्यांचे कौतुक आहे, कारण त्यांनी काहीतरी केले. पण सार्वजनिक व्यक्तींच्या ट्वीटवर शिकलेले यंत्र ‘करमत नाही’ला कोणत्या ढिगात टाकणार? यंत्राला हे शिकवण्याचे काम ज्यांचे, ते लक्षण-व्यंजना शिकवून घरी जातात. व्यंजना म्हणजे बोललेल्यापलीकडचे ऐकणे, असेच तर आपण मुलांना सांगतो ना?

२०२५च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असे त्यांत आहे. तेव्हा तालुक्याच्या महाविद्यालयांतही समुपदेशक येतील, हातात कागद असतीलच. त्या कागदावरची मराठी कोण तपासणार आहे? वऱ्हाडात मुलगी ‘करमत नाही’ म्हणणार नाही, ‘मले गमत नाही’ म्हणेल, आणि समोर बसलेला पुण्याचा पदवीधर मान वर न करता विचारेल: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस?